काचेला तांबडं दिसत नाही

आधी स्वतःच्या हातांकडे बघा. उजव्या हाताची बोटं पेरापर्यंत काळी आहेत. राख लावा, लिंबू चोळा, नदीच्या वाळूने घासा, काही फरक पडत नाही. सिल्व्हर नायट्रेटचं पाणी कातडीला लागतं तेव्हा काहीच दिसत नाही. नंतर ऊन लागतं आणि डाग उमटतो, तो कातडी झडेपर्यंत राहतो. अजिंठा गावच्या बाजारात लोक तुमचे हात बघूनच ओळखतात : हा साहेबाच्या काचा धरणारा पोरगा.

साल १८६३ धरा. पौषातली पहाट आहे आणि बारादरीच्या पायऱ्यांवर तुम्ही कुडकुडत उभे आहात. मेजर रॉबर्ट गिल याच वाड्यात राहतात. मद्रास फौजेतला हा अधिकारी कंपनी सरकारने १८४४ साली नेमला तो लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला, आणि मग तो इथलाच होऊन गेला. त्याने मारलेल्या वाघांचे आकडे गावात दर दिवाळीला वाढतात. त्याच्या प्रेयसीबद्दल, पारोबद्दल मात्र त्याच्यासमोर कुणी बोलत नाही. ती जाऊन सात वर्षं होतील. १८५६ सालच्या मे महिन्याची तारीख कोरलेली तिची कबर गावातच आहे. पुढे ना. धों. महानोर तिच्यावर दीर्घकाव्य लिहितील, २०१२ मध्ये सिनेमा येईल आणि अख्खा महाराष्ट्र तिला ओळखेल. आज मात्र तुम्हाला तिच्याकडे बघायला सवड नाही, कारण काचांची पेटी उचलायची आहे.

पेटीला आत खाचा आहेत, प्रत्येक खाचेत एक काच. दुसऱ्या पेटीत बाटल्या, पेंढ्यात गुंडाळलेल्या. तिसरा नग म्हणजे कॅमेरा : लाकडी खोकं आणि त्याला शेजारी शेजारी दोन डोळे. मग तिवई, काळ्या कापडाचा तंबू, बादल्या, आणि पाण्याची पखाल घेतलेला म्हातारा भिस्ती. चांदीच्या पाण्यासाठी लागणारं स्वच्छ पाणी वेगळ्या बाटल्यांत आहे. त्याला कुणी तोंड लावलं तर साहेब बंदूक काढतील, असं तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलंय.

वाट माथ्यावरून जाते. पठार संपतं तिथे एकदम दरी उघडते आणि खाली वाघोरा नदीचं ते वळण दिसतं. सुमारे ४४ वर्षांपूर्वी, एप्रिल १८१९ मध्ये, जॉन स्मिथ नावाचा एक फौजी अधिकारी शिकारीच्या मागे इकडे आला होता. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. लेणी ‘सापडली’ असं तेव्हापासून म्हणतात. लेणापूरच्या गुराख्यांना ती हरवली असल्याचं कधी कळलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

उतार जपून उतरा. तुम्ही पडलात तर पाय मोडेल, पेटी पडली तर महिनाभराचं काम जाईल. साहेबांच्या हिशेबात दुसरी गोष्ट मोठी आहे.

एकोणिसाव्या लेण्याच्या अंगणात पोहोचता तेव्हा ऊन नुकतंच आत शिरतंय. ही वेळ साहेबांनी अनुभवाने हेरली आहे. पुढच्या शतकात वॉल्टर स्पिंक नावाचे अमेरिकन अभ्यासक इथे येतील, आयुष्यभर अजिंठ्याला चिकटून राहतील, आणि दाखवून देतील की एकोणिसावं लेणं हिवाळ्यातल्या अयनदिनाच्या सूर्योदयाकडे तोंड करून खोदलं आहे, तर सव्विसावं उन्हाळ्यातल्या. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वी ज्यांनी हा कडा फोडायला घेतला त्यांनी उजेडाची जागा आधी ठरवली होती. फोटो काढणारा फक्त त्यांच्या घड्याळाप्रमाणे चालतो.

तंबू अंगणाच्या कडेला सावलीत लागतो. त्याला एकच झरोका, त्यावर पिवळं कापड. पिवळ्या उजेडाने काच बिघडत नाही, हे लक्षात असू द्या. दुपारी तेच कोडं पडणार आहे.

आत शिरा. ईथरचा वास नाकातून थेट डोक्यात जातो. साहेब काच एका कोपऱ्याला धरतात, मधोमध कलोडियन ओततात आणि काच कलवतात, की तो द्रव पाकासारखा एकेका कोपऱ्याकडे ओघळतो. चौथ्या कोपऱ्यातून उरलेला थेंब बाटलीत परत. हे सगळं पाच-सहा सेकंदांत. उन्हाळ्यात ईथर इतक्या झपाट्याने उडतं की थर पसरण्याआधीच त्याला सुरकुत्या पडतात, म्हणून मोठी कामं थंडीत. मग काच चांदीच्या पाण्यात बुडते. तुम्ही तीन-चार मिनिटं मनात मोजता. बाहेर येते तेव्हा तिच्यावर दुधी साय धरलेली असते. इथून पुढे घाई. ही साय ओली आहे तोवरच काचेला दिसतं. दहा मिनिटांच्या आत चित्र घेऊन, तंबूत परत येऊन, ते धुतलं पाहिजे. वाळली की आंधळी.

‘हौले डाल, बेटा, हौले,’ भिस्तीचाचा बाहेरून बजावतो. तुम्ही अजून पाणी ओतायला घेतलेलंही नाही.

काळ्या फडक्याखाली डोकं घालायची परवानगी तुम्हाला एकदाच मिळते, ती आज. खरखरीत काचेवर एकाऐवजी दोन लेणी आहेत आणि दोन्ही उलटी. चैत्यगवाक्ष खाली गेलंय. त्याच्या दोन्ही बाजूंचे यक्ष छताला पाय टेकून लोंबकळताहेत. डावीकडच्या भिंतीतला नागराज राणीसकट डोक्यावर उभा आहे. कॅमेऱ्याच्या दोन डोळ्यांत अंतर जवळजवळ तेवढंच, जेवढं माणसाच्या दोन बुबुळांत. महिनाभराने कागदावर छापलेली ही जोडी एका चौकटीवर चिकटवली जाईल, भिंगांच्या छोट्या पेटीतून तुम्ही ती बघाल आणि दचकाल, कारण लेणं खोल दिसेल. गवाक्षाची कड पुढे येईल, मागचा काळोख मागे राहील. चित्रकाराला खोली रंगवावी लागते, ती या पेटीत आपोआप येते. खोदलेल्या वास्तूसाठी याहून चांगलं हत्यार त्या काळात नव्हतं, असं माझं मत आहे. दगड किती आत गेला हीच तर लेण्याची गोष्ट.

‘खड़े रहो.’ तुम्हाला खांबाशेजारी उभं केलं जातं. देवळाची उंची कळावी म्हणून माणूस लागतो, त्याचं नाव नाही लागलं तरी चालतं. साहेब भिंगांवरची टोपणं काढतात आणि मोजू लागतात. श्वास धरा. वरच्या कड्यावर आग्यामोहोळ आहे, त्याचा आवाज येतोय. मान वळवलीत तर काचेवर तुमच्या चेहऱ्याच्या जागी धूर उमटेल. टोपणं परत बसतात, साहेब तंबूकडे धावतात, आणि तुम्ही पाण्याची बादली घेऊन त्यांच्या मागे.

लोहाच्या क्षाराचं पाणी काचेवरून फिरतं आणि लेणं वर येतं. आधी आकाश, मग उन्हातला दगड, मग सावल्यांच्या कडा. धुवा. चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत घाला. परत धुवा. हे पाणी भिस्तीने नदीच्या डोहातून कितव्यांदा आणलं कुणास ठाऊक. इतिहासाची पुस्तकं फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव छापतात. पखालीचं नाव छापायची पद्धत अजून पडलेली नाही.

या उद्योगात तुम्ही एकटे नाही. इंग्रज छायाचित्रकार फ्रान्सिस फ्रिथ याच दशकाच्या थोडं आधी इजिप्तमध्ये हेच करत होता. वाळवंटातल्या त्याच्या तंबूत उष्म्याने कलोडियनला उकळी फुटायची. विजापूरच्या इमारतींचे फोटो काढायला कॅप्टन बिग्ज १८५५ मध्येच नेमला गेला होता. चित्रकारापेक्षा कॅमेरा स्वस्त आणि इमानी, असा सरकारी हिशेब होता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. तेच भाऊ दाजी अजिंठ्याचे शिलालेख वाचतात आणि त्यावरचा त्यांचा निबंध याच सुमारास मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे येतो. एका हाताला भिंग, दुसऱ्या हाताला ब्राह्मी : आपल्याकडचा पुरातत्त्वाचा पाया या जोडीने घातला.

आता दुपार. ऊन अंगणातून गेलं, साहेब मशाल घेऊन पहिल्या लेण्यात शिरतात. वटवाघळांचा दर्प. पद्मपाणी समोर उभा आहे, मान किंचित कललेली, हातात निळं कमळ. मनात येईल ते विचारून टाका : याचा फोटो का नाही घेत?

उजेड नाही, हे एक कारण. पण समजा आरसे लावून बाहेरचं ऊन भिंतीपर्यंत आणलं आणि काच अर्धा तास ओली राहिली, तरी जमणार नाही. पिवळा झरोका आठवा. कलोडियनच्या काचेला निळं आणि जांभळं दिसतं. पिवळं फारसं दिसत नाही, तांबडं तर नाहीच. आणि अजिंठ्याची भिंत कशाची आहे? गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरी, हिरवट माती. निळा राजावर्त तेवढा बाहेरून, थेट बदख्शानच्या खाणींतून आलेला, नि तोही काही लेण्यांपुरता. म्हणजे त्या काचेवर पद्मपाणीची सगळी कांती काळवंडेल आणि ज्या निळ्यासाठी एवढा खर्च झाला तो पांढरा फटक पडेल. जगातला सर्वांत इमानी साक्षीदार म्हणून आणलेलं यंत्र या भिंतीसमोर खोटी साक्ष देणार.

म्हणून साहेब मशाल भिंतीत खोचतात, कॅनव्हास ताणतात, रंगाची पेटी उघडतात आणि एकेका बोटाची नक्कल करत बसतात. एकोणीस वर्षं हे चाललंय. बाहेर दगडाला कॅमेरा, आत रंगाला कुंचला. तुम्ही मशालीत तेल घाला.

आणि आता डोळे मिटून तीन-चार वर्षं पुढे या. डिसेंबर १८६६, लंडनजवळचं सिडनहॅम. तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये गिलसाहेबांच्या नकला टांगलेल्या आहेत. आग लागते. मोजक्या चार-दोन वगळता बाकीच्या जळतात. जवळजवळ दोन तपांची कमाई एका रात्रीत संपते. तुम्ही तेल घातलेल्या त्या सगळ्या मशालींची कमाई.

पण १८६४ मध्ये लंडनमध्येच एक पुस्तक निघालेलं आहे : भारतातल्या खोदीव लेण्यांवर वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसनचा मजकूर आणि त्यात गिलसाहेबांचे ७४ फोटो. तेव्हा फोटो सहसा शाईने छापता येत नसे. अंड्याच्या बलकाबाहेरच्या पांढऱ्याने माखलेल्या कागदावर काचेखाली, उन्हात, एकेक प्रत काढायची आणि पुस्तकाच्या पानावर चिकटवायची. प्रत्येक पुस्तकात ७४ वेळा. त्याच वर्षी शंभर जोडफोटोंचं दुसरं पुस्तक आलं, त्यात लोणारची देवळंही आहेत. क्रिस्टल पॅलेस जळला तेव्हा ही पुस्तकं वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या कपाटांत होती. त्यांना काही झालं नाही.

अजिंठ्याला शाप आहे असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच, आणि यादीही पुरवेल. गिलनंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, १८७२ पासून वर्षानुवर्षं नकला केल्या, आणि १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला आग लागून त्यातल्या बऱ्याच गेल्या. जपानचे अराई काम्पो पहिल्या महायुद्धाच्या काळात नकला करून गेले, त्या १९२३ च्या भूकंपात टोकियोत नष्ट झाल्या. ऐकायला अंगावर काटा येतो. पण शापबिप काही नाही. एकमेव प्रत एकाच छपराखाली ठेवली की कधी ना कधी तिच्यावर छप्पर कोसळतं किंवा पेटतं. कॅमेरा तांबडं न बघताही जिंकला तो इथे. त्याच्या साक्षीत खोट होती, पण ती शंभर ठिकाणी नोंदलेली होती.

गिलसाहेब आगीनंतर पुन्हा लेण्यांत उतरले. १८७९ मध्ये गेले, भुसावळला त्यांची कबर आहे.

उठा, वेरूळला चला. १८८० चं दशक आहे, आणि तुमचे हात बघा, स्वच्छ. ओली काच गेली. आता जिलेटिनच्या कोरड्या काचा विलायतेहून तयार येतात, खोक्यात भरून ठेवा, उजेड दाखवू नका, बस्स. तंबू नको, पखाल नको. भिस्तीचाचा या गोष्टीतून इथेच बाहेर पडतो.

या खेपेचे साहेब आपलेच आहेत. मेरठजवळच्या सरधन्याचे लाला दीनदयाळ, इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढता काढता कॅमेऱ्याला लागले, ते पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार. राजा मुसव्विर जंग हा किताब पुढे मिळेल. निजामाच्या मुलुखातल्या प्रेक्षणीय जागांचा संग्रह करायचा आहे, आणि औरंगाबादचा सुभा म्हणजे त्यातला मानाचा मुक्काम.

कैलासापुढे सकाळी येऊन उपयोग नाही. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, सकाळी सगळा कडा स्वतःच्या सावलीत. दुपार कलू द्या. तोवर तिवई खांद्यावर घ्या आणि डोंगर चढा. लेण्याला वळसा घालून वर, अगदी कड्याच्या ओठापर्यंत. हातात काही धरायला नाही, बाभळीचे काटे तेवढे आहेत. वरून खाली बघा. शिखर तुमच्या पायांखाली आहे. जी माणसं राष्ट्रकूट कृष्णाच्या काळात हा दगड फोडायला बसली त्यांनी हे देऊळ याच ठिकाणावरून पाहिलं असणार, कारण काम वरून खाली गेलं. शिखर आधी, पाया शेवटी. खाली दारातून बघणाऱ्या भाविकाला जे दिसतं ते कारागिरांनी सर्वांत शेवटी पाहिलं. कैलासाचा कड्यावरून घेतलेला फोटो म्हणूनच मला समोरून घेतलेल्या शंभर फोटोंहून खरा वाटतो.

इथे कोरडी काच खुशीत असते. बेसाल्टला रंगाचा तोरा नाही. ऊन आणि सावली एवढाच मामला.

शहरात परतल्यावर मकबऱ्यात मात्र ती पुन्हा गंडवते. बीबीचा मकबरा औरंगजेबाच्या बेगमेसाठी, दिलरस बानूसाठी, १६६० च्या सुमारास उभा राहिला. खर्चाचा आकडा तवारिखांत आणा-पैशासह येतो : सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला. मधला मोठा भाग दगडावर घोटलेल्या चुन्याचा. समोर उभं राहिलात तर फरक दिसतो. फोटोत बघा, सगळं सारखं पांढरं. औरंगजेबाने वाचवलेला पैसा कॅमेऱ्याने भरून काढला.

पुढची उडी लांब आहे. मधल्या काळात मनमाडहून औरंगाबादला रेल्वे आली, निजाम बदलला, आणि भारतापासून फार दूर आधीच सुरू झालेली एक छोटी क्रांती पुरी झाली. हेर्मान फोगेल नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १८७३ मध्ये आढळलं की काचेवरच्या थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर तिला निळ्याबाहेरचेही रंग जाणवू लागतात. १९०६ पर्यंत सगळे रंग पाहणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या. ओल्या काचेनंतर अर्धं शतक लागलं, पण काचेला तांबडं दिसायला लागलं.

तेव्हा पुन्हा पहिल्या लेण्यात या. १९२० चं दशक आहे. निजाम सरकारने १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं काढलं आणि त्याचे प्रमुख गुलाम यझदानी भिंतीसमोर काळजीत उभे आहेत. आधीच्या नक्कलकारांनी चित्रं उजळ दिसावीत म्हणून वर व्हार्निश फासलं होतं, ते पिवळं पडून तडकलं आहे. त्याच्याबरोबर रंगाचे पोपडे सुटताहेत. ते सोडवायला इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोघे १९२० ते १९२२ मध्ये येऊन गेले. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला परत चिकटवला, यात त्यांचं मोठं श्रेय. पण त्यांनीही वर लाखेचा थर दिला आणि कालांतराने तोही पिवळा झाला. चित्र स्पष्ट दिसावं या हट्टापायी चित्रावर जेवढे अत्याचार झाले तेवढे वटवाघळांनी केले नाहीत.

यझदानींनी दुसरा मार्ग धरला. भिंतीला काही फासायचं नाही. उजेड आणायचा, काच बदलायची. ई. एल. व्हॅसी या छायाचित्रकाराने काम केलं आणि ‘अजंता’ या ग्रंथाचे चार भाग निघाले : १९३०, १९३३, १९४६ आणि १९५५. दोन सालं नीट बघा. पहिला भाग निघाला तेव्हा प्रायोजक निजाम सरकार होतं. शेवटचा निघाला तेव्हा ते सरकार उरलं नव्हतं, सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं होतं आणि लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे गेली होती. राज्य बुडालं, ग्रंथ पुरा झाला. ते रंग तुमच्या-माझ्या घरातल्या छपाईच्या मानाने थोडे दबलेले वाटतील. पण गेरू गेरूच्या जागी आहे. मला विचाराल तर कॅमेऱ्याचं अजिंठ्याशी खरं नातं १८५०-६० पासून धरू नका, या पानांपासून धरा.

मग १९९१. तुम्ही सतराव्या लेण्यात एका कोपऱ्यात गप्प उभे आहात, समोर छायाचित्रकार बिनॉय बहल तिवई लावून आहेत, आणि दिवे एकही नाहीत. दाराकडून झिरपणारा जो अंधुक उजेड आहे तेवढाच. शटर उघडं आहे आणि उघडंच राहतं. डोळे सरावले की तुम्हाला दिसायला लागतं ते मशालीने कधी दिसलं नव्हतं : चेहऱ्यांवरचे हलके उजेड, हनुवटीखालचा गोलवा, पाठीमागच्या अंधारात असलेली आणखी माणसं. झगझगीत दिवा लावला की भिंतीचा खडबडीतपणा दिसतो, चित्र हरवतं. चितारी याच मंद उजेडात बसले होते, रंग त्यांनी याच उजेडासाठी लावले. नाशिकच्या प्रसाद पवारांनी पुढे वर्षानुवर्षं हीच भिंत कॅमेऱ्याने टिपली आणि पोपडा गेलेल्या जागा संगणकावर अभ्यासाने भरून पाहिल्या. मूळ भिंतीला बोट न लावता. व्हार्निशच्या बाटलीपासून इथवर यायला आपल्याला शंभरावर वर्षं लागली.

आता आज. हात पुन्हा बघा : मोबाइल. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवलीत, बसने वर आलात, तिकीट दाखवलंत. चित्रांच्या लेण्यात ठराविक माणसंच एका वेळी सोडतात, कारण तुमच्या श्वासातली वाफसुद्धा भिंतीला सोसत नाही. फ्लॅशला बंदी आहे. तिवई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी. मागून आवाज येतो, ‘चला साहेब, पुढे चला,’ आणि तुम्ही साहेब झालेले आहात.

फ्लॅश कुणाचा तरी उडतोच. रखवालदार ओरडतो, तो दिलगिरी म्हणून हसतो, आणि त्याच्या फोटोत पद्मपाणीच्या गालावर पांढरा चट्टा उमटतो. नियम पाळायचा सोडा, निदान फोटो चांगला यावा म्हणून तरी फ्लॅश बंद ठेवा. फोन भिंतीला किंवा खांबाला टेकवू नका. कोपर पोटाशी धरा, श्वास सोडून थांबा, रात्रीच्या छायाचित्रणाची सोय चालू करा आणि दोन-तीन सेकंद जाऊ द्या. त्याआधी दोन मिनिटं नुसते उभे राहा, डोळे सरावू द्या. एकोणिसावं लेणं सकाळी करा, थंडीत असाल तर उघडल्या उघडल्या. वेरूळ दुपारनंतर. मकबऱ्यात संगमरवर कुठे संपतो ती रेघ शोधून तिचाच फोटो काढा, ती कुणी काढत नाही.

आणि एक काम पद्मपाणीहून तातडीचं आहे. अजिंठ्याचे आता लाखो फोटो आहेत, त्याला तुमच्या एका फोटोची फार गरज नाही. गरज आहे ती तुमच्या गावाच्या बारवेला, पाराखालच्या वीरगळाला, ज्याचा सभामंडप पुढच्या वर्षी ऑइलपेंटने रंगवायचा ठराव झाला आहे त्या हेमाडपंती देवळाला. या सुट्टीत जा. चारी बाजूंनी फोटो घ्या, एकात शेजारी माणूस उभा करा आणि त्याचं नाव लिहून घ्या. फोटोसोबत गाव, तालुका, दिशा आणि तारीख नोंदवा. मग तो फक्त आपल्या फोनमध्ये ठेवू नका. गावच्या शाळेला एक प्रत द्या, तालुक्याच्या वाचनालयाला एक, परगावच्या भावाला किंवा बहिणीला एक.